मदत हवी आहे: दीड फुटाखाली मुरूम, गोटे आणि पांढरे खडे, संत्रा लावावा का?

वावर नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात. वर दीड फूट काळी माती, खाली पिवळसर मुरूम. मुरमात नारळाएवढे गोल गोटे आहेत, त्यांचे पापुद्रे हाताने निघतात. माती-मुरमाच्या सांध्यावर पांढरे खडे. हा मुरूम पुढे माती होईल का? ७५ सेंमीचे खड्डे चालतील?

बसाल्टप्रेमी:
गोटे नदीने आणलेले नाहीत, ते तिथलेच आहेत. काळ्या बसाल्टला उभ्या-आडव्या भेगा असतात आणि त्यांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतलेलं, किंचित आम्ल पाणी मुरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकीकडून काम करतं, कडेवर दोन आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि मधला गाभा गोल उरतो. सुटलेलं लोह गंजतं, त्याचाच हा पिवळा रंग. मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन न गेल्याने फुगणारी काळी चिकणमाती बनते. कोकणात आणि महाबळेश्वरात प्रचंड पाऊस मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेतो, तिथे जांभा होतो. आपल्याकडे पाऊस त्यापेक्षा बराच कमी, तोही चार महिने, मग आठ महिने कोरडं. खाली निघालेला चुना वाटेतच अडकून खडे बनतात.

मुरमाची माती होईल, पण सेंटीमीटरभर थराला शेकडो वर्षं लागतात. त्या भरवशावर बाग लावू नका.

धुऱ्यावरून:
मऊ मुरूम संत्र्याला शत्रू नाही, उलट निचरा देतो. कुदळीने फुटतो का पाहा. सब्बल खणखणली तर खाली खडक आहे, तिथे मूळ अडेल.

निचरा असा तपासा: फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा पाण्याने भरा. पहिल्या दिवसाचं माप धरू नका, कारण सुकलेल्या काळ्या मातीच्या भेगा पाणी पिऊन टाकतात आणि निचरा उत्तम वाटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, तासाला किती उतरतं ते मोजा. १ सेंमीपेक्षा कमी असेल तर खड्ड्यात लावू नका, उंच गादीवाफे करा. खड्ड्याच्या गुळगुळीत भिंती कुदळीने खरवडा, नाहीतर ओल्या काळ्या मातीत त्याचं टाकं होतं आणि मुळं कुजतात. वरची माती वेगळी ठेवा, मुरूम त्यात कालवू नका.

बसाल्टप्रेमी:
मला जास्त काळजी चुन्याची वाटते. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड १ भाग, पाणी २ भाग. ॲसिड पाण्यात ओता, उलट नाही, हातमोजे घाला. खड्यावर टाकाल तर फेस येणारच, त्यातून काही कळत नाही. खडे निवडून काढलेल्या मातीवर टाका. तिथे जोरात फसफसलं तर बारीक चुना मातीभर आहे आणि मुळांना तोच त्रास देतो: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, कारण लोह मुळांना मिळत नाही. मातीत हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, तो चुन्यात लवकर अडकतो. त्याची पानांवर फवारणी करावी लागते.

०-३०, ३०-६०, ६०-९० सेंमी असे तीन थरांचे वेगळे नमुने अर्धा-अर्धा किलो घ्या आणि प्रयोगशाळेला ‘मुक्त चुना’ आवर्जून मोजायला सांगा. १० टक्क्यांवर गेला तर या जागी संत्रा नको. त्याच्या जवळपास असेल तर जंबेरीपेक्षा रंगपूर लाइमच्या खुंटावरची कलमं मागा (खुंट म्हणजे ज्या लिंबूवर्गीय रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते; जंबेरी आणि रंगपूर लाइम असे दोन खुंट), ती चुना जास्त सोसतात.