सोबत असताना जमतं, एकटं सोडलं की थांबा चुकतो

मुलगा २६ वर्षांचा, एकट्याने बसने जायला शिकतोय; नाशिकमध्ये नाशिकरोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आईसोबत नीट जातो, पण एकटा असला की थांब्याच्या पुढे निघून जातो, असं त्याच्या आईने, एका ताईंनी लिहिलंय. ताई, तो बहुधा थांबा ओळखत नाहीये, तुमचं उठणं बघून उठतोय. म्हणून आता त्याच्या शेजारी बसू नका, दोन-तीन सीट मागे बसा. ‘उतर’ म्हणू नका. फार तर ‘आता काय दिसलं?’ एवढंच विचारा आणि हळूहळू तेही बंद करा. खूण थांब्याच्या आधीची हवी: द्वारका चौक गेला की पिशवी खांद्यावर, शालिमार आलं की उभं राहायचं. दुकानाची पाटी खूण म्हणून नको, ती बदलते.

थांबा चुकला तर काय, हेही मुद्दाम शिकवा. पुढच्या थांब्यावर उतरायचं, तिथेच उभं राहायचं, फोन लावायचा. रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही. तुम्ही सोबत असतानाच एकदा ठरवून थांबा चुकवा आणि हे सगळं त्याच्याकडून करून घ्या. सिंहस्थ कुंभमेळ्यात बसचे मार्ग वळवले जातात, तेव्हा खुणाच हरवतात. त्या दिवसांत पुन्हा सोबत जा. खिशात नाव आणि दोन फोन नंबरांचं कार्ड हवंच, मोबाइलची बॅटरी संपतेच.