'कृष्णद्रव्य' की 'अदृश्य पदार्थ'?

प्रश्न :
भाचीला शाळेत विश्वरचनेवर बोलायचंय. डार्क मॅटरसाठी कुठे 'कृष्णद्रव्य' सापडलं, कुठे 'कृष्णपदार्थ', कुठे 'अदृश्य पदार्थ'. नेमका शब्द कोणता? आणि हा 'कृष्ण' कृष्णविवरातलाच का?

प्रतिसाद :
'द्रव्य'च घ्या. मॅटरला शाळेच्या पुस्तकातही तोच शब्द आहे. 'पदार्थ' फार पसरट. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या यादीत द्रव्य हा त्यातला एक, गुण आणि कर्म हेही पदार्थच; आणि घरात पदार्थ म्हटलं की थालीपीठ.
'कृष्ण' मात्र खटकतो. कृष्णविवर प्रकाश गिळतं, म्हणून ते काळं. हे द्रव्य प्रकाश गिळत नाही, देतही नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. म्हणून मी 'अदृश्य द्रव्य' लिहितो.

प्रतिसाद :
'अदृश्य' पटत नाही. कोमा या दीर्घिकासमूहात दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) मधे कोट्यवधी अंश तापलेला वायू आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण क्ष-किरणांत झळाळतो. तो साधंच द्रव्य.
याच समूहाचा हिशेब खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली मांडला. दीर्घिकांचे वेग इतके जास्त होते की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर समूह एकत्र टिकलाच नसता. ते जर्मनमध्ये लिहीत होते, आणि त्यांचा शब्द 'डुंकेल', म्हणजे अंधारा, उजेड नसलेला. त्याला 'अप्रकाशी' जवळचा. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातही फिरण्याचा वेग अपेक्षेप्रमाणे घटताना दिसला नाही.

प्रतिसाद :
अप्रकाशी तर पृथ्वीही आहे! मला 'कृष्ण'च हवा, पण विवरातला नव्हे, कृष्णपक्षातला. आम्ही मालवणचे. अमावास्येला चंद्र दिसत नाही, पण समुद्राला उधाण येतं. चंद्र कुठे गेलेला नसतो, त्याची ओढ पाण्याला कळते. झ्विकी आणि रुबिन यांनाही हे द्रव्य कळलं ते ओढीवरूनच. उपमा पुरती जुळत नाही हे मान्य : चंद्र सूर्याला झाकतो, हे द्रव्य काहीच झाकत नाही, मागून येणारा प्रकाश फक्त वाकवतं. तरी मुलीला सांगायला हाच अर्थ चांगला. आणि 'कृष्णद्रव्य' सलग लिहा, तोडू नका.

प्रश्नकर्ती :
उधाणाचं भाचीला लगेच कळलं, आभार! मग 'कृष्णऊर्जे'तही (डार्क एनर्जी) कृष्णपक्षच धरायचा का?

प्रतिसाद :
नाही, तिथे ही ओढ लावू नका. कृष्णऊर्जेमुळे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, म्हणजे परिणाम उलटा. प्लँक उपग्रहाच्या मापनांनुसार विश्वात साधं द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ आणि कृष्णऊर्जा ६८ टक्के. त्या ६८ टक्क्यांपुढे 'कृष्ण' लावताना अर्थ एवढाच, की ती काय आहे हे अजून उलगडलेलं नाही.