वाद्यवृंदातली मुलं बोटं पाठ करतात, स्वर नाही. गाऊन कसं शिकवायचं?

शाळेची_पेटी: सहावी-सातवीची १८ मुलं आहेत: ८ बासऱ्या, ६ पेट्या, ४ तबले. भूप राग चालू आहे. एकेकटी नीट वाजवतात, पण एकत्र बसली की लय पळते. शिवाय कुणी चुकलं की पुन्हा पहिल्या स्वरापासूनच सुरू करतं. ‘आधी गाऊन घ्या’ म्हणतात, पण नेमकं काय आणि वाद्य केव्हा हातात द्यायचं?

पांढरी_एक: मधूनच धरता येत नाही, म्हणजे मुलांनी बोटांचा क्रम पाठ केलाय. सगळ्यांचा षड्ज (सा) पांढरी एक (पेटीवरची ‘सी’ स्वराची पट्टी) ठेवा, बासऱ्याही त्याच पट्टीच्या घ्या. पलटा (ठरावीक क्रमाने स्वर घोटायचा सराव) एकच पुरे: सारेग रेगप, गपध पधसां, उतरताना सांधप धपग, पगरे गरेसा. एकूण २४ मात्रा, म्हणजे दादऱ्याची (६ मात्रांचा ताल) ४ आवर्तनं (फेऱ्या). पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली (टाळी न देता हात बाजूला), लय मिनिटाला ७० मात्रा. श्वास दर ६ मात्रांनी, बासरीवरही तिथेच.

१० मिनिटं गायल्यावर मुकी बोटं: बासरी हनुवटीला टेकवून, पेटीचा भाता न हलवता, तोंडाने गात बोटं चालवायची. बोटं गाण्याच्या मागे राहतात तोवर फुंकर नाही, भाता नाही. ती जुळली की अर्धी मुलं गातील, अर्धी वाजवतील. दर पलट्याला अदलाबदल.

हंगेरीत संगीतकार कोडाय यांच्या शिकवण्याच्या पद्धतीतही आधी गाणं, मग वाद्य. आपल्याकडे तर सरगम आणि पढंत (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं) आयत्या आहेत!

सहा_छिद्रं: बासरीवाले ‘गपध’लाच अडकतील. गंधाराला वरचं एकच छिद्र बंद, पंचमाला सहाही बंद करून जोरकस फुंकर, धैवताला शेवटचं उघडं. खालच्या हाताची अनामिका नीट बसली नाही की पंचम चिरकतो. फुंकर कमी पडली की मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम वाजतो. ‘ग प’ गायलेल्या मुलाला स्वर खाली गेल्याचं लगेच कळतं, न गायलेला तसाच पुढे जातो. म्हणून ‘ग प, ग प’ एवढंच २० वेळा गाऊन घ्या.

खाली_भरी: तबल्याची मुलं तेव्हा मोकळी ठेवू नका. बाकीचे गाताना त्यांनी ‘धा धी ना, धा ती ना’ टाळी देत म्हणायचं. लय पळते त्यावर मूठ: तुम्ही मूठ मिटलीत की एक आवर्तन सगळे गप्प, पलटा मनात चालू, पुढच्या समेला (पहिल्या मात्रेला) एकदम आवाज. जो आधी येतो, त्याची लय पळतेय. पुढच्या वेळी त्याला मोठ्याने मात्रा मोजायला सांगा.

शाळेची_पेटी: सातवीतल्या दोघांचा आवाज फुटतोय, ते गातच नाहीत.

पांढरी_एक: त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या. तिथेही लागत नसेल तर स्वरांची नावं नुसती लयीत म्हणू देत, बोटं मात्र चालू ठेवायची. वर ताणायला लावू नका.