आईच्या पेसमेकरबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. २००६ साली आईच्या डाव्या स्तनाचा कॅन्सर काढला, नंतर छातीला रेडिएशनचे २५ शेक दिले. गेल्या महिन्यात पूजा करताना ती दोनदा चक्कर येऊन पडली. नाडी ३८! ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे रक्तवाहिनीतला नव्हे, तर हृदयाच्या विद्युत संदेशांच्या मार्गातला अडथळा. शेकाचा परिणाम हृदयाच्या विद्युतमार्गावर इतक्या वर्षांनीही दिसू शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता पेसमेकर बसवायचाय. तो सहसा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात, पण तिथली कातडी ताठरलीय, हातालाही सूज असते. उजवीकडे बसवावा की जांघेतून सोडतात तो बिनतारेचा? उजवीकडे बसवला तर पुढच्या मॅमोग्राफीला (स्तनाच्या एक्स-रे तपासणीला) अडचण येते का? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया अनुभव कळवा. फार काळजी वाटतेय.