मदत हवी आहे : .२८० ॲकली इम्प्रूव्ह्ड, फायर-फॉर्म केलेल्या पुंगळ्यांवर बुडाजवळ चमकती रेघ

नमस्कार मंडळी,

मी कोलोराडोत राहतो आणि शिकारीच्या रायफलची काडतुसं घरीच भरतो, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळ्यांत नवी दारू आणि गोळी बसवतो. इथे त्याला कायद्याची आडकाठी नाही. .३०-०६ या काडतुसात कधी अडचण आली नाही, पण यंदा एल्कसाठी (मोठं हरीण) एक जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली, म्हणजे जिच्यात काडतूस मागून हाताने सरकवायच्या दांड्याने, बोल्टने, बंद करतात. मूळची .२८० रेमिंग्टन, आधीच्या मालकाने तिचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) एका गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, .२८० ॲकली इम्प्रूव्ह्डचं करून घेतलं आहे. तिथेच घोडं अडलंय.

हा प्रकार नवा असलेल्यांसाठी थोडक्यात : .२८० रेमिंग्टन हे १९५७ चं काडतूस. त्याची पुंगळी बुडाकडून खांद्याकडे निमुळती होत जाते आणि खांदा, म्हणजे अंग एकदम अरुंद होऊन गोळी धरणारी मान सुरू होते तो उतार, साडेसतरा अंशांचा असतो. अमेरिकन गनस्मिथ पार्कर ॲकली यांच्या पद्धतीत अंग जवळजवळ सरळ आणि खांदा ४० अंशांचा. साधं .२८० चं काडतूस या चेंबरमध्ये झाडलं की दाबाने पितळ फुगून चेंबरचा आकार घेतं (हेच फायर-फॉर्म करणं), आणि पुढच्या भरणीला तीच पुंगळी 'इम्प्रूव्ह्ड' म्हणून वापरायची. दारू थोडी जास्त मावते. माझ्या लेखी त्याहून मोठा फायदा म्हणजे पितळ मानेकडे कमी सरकतं, त्यामुळे पुंगळ्यांची लांबी सारखी कापत बसावं लागत नाही.

आता अडचण. फॅक्टरीची .२८० ची काडतुसं झाडली. आकार सुरेख आला, खांद्याची कड अगदी स्पष्ट. पण बहुतेक पुंगळ्यांवर बुडाच्या किंचित वर, सगळ्या बाजूंनी फिरलेली एक चमकती रेघ आहे. टोक वाकवलेली तार आतून फिरवली की त्याच जागी खाच लागते. आणखी एक : काडतूस आत असताना बोल्ट अगदी सहज बंद होतो. मला वाटत होतं की शेवटी थोडा जोर लागायला हवा.

चेंबर जास्त खोल कापलं गेलंय का? माझ्याकडे .२८० च्या कोऱ्या पुंगळ्यांची अख्खी पिशवी आहे, ती वाचवता येईल का? आणि .३०-०६ च्या माझ्या जुन्या पुंगळ्यांची मान बारीक करून त्या इथे चालतील का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

आधी झाडणं थांबवा. रेघ आणि खाच दोन्ही असलेल्या पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात टाका, पुन्हा भरू नका. पुढच्या वेळी तिथेच बूड तुटून वेगळं होऊ शकतं, आणि मग तप्त वायू बोल्टच्या बाजूने मागे तुमच्या चेहऱ्याकडे येतात.

कारण असं. फायरिंग पिनचा (बोल्टमधली काडतुसावर आपटणारी सुई) ठोका काडतुसाला पुढे ढकलतो. पुढे आधार नसेल तर बूड आणि बोल्ट यांच्यात फट राहते. दाब चढला की पातळ भिंती चेंबरला घट्ट धरून बसतात, जाड बूड मात्र मागे बोल्टवर जाऊन आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं, तीच तुमची रेघ. हॉर्नेटसारख्या कडेच्या काडतुसाला बुडाची कडच धरून ठेवते, म्हणून के-हॉर्नेट (हॉर्नेटचं असंच 'इम्प्रूव्ह्ड' रूप) करणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही. .२८० ला कड नाही, त्याला पुढूनच धरावं लागतं.

म्हणून पारंपरिक ॲकली चेंबर मूळ मापापेक्षा चार थाऊ, म्हणजे ०.००४ इंच, आखूड ठेवतात. साधं काडतूस मान आणि खांदा मिळतात त्या रिंगणात चेपलं जातं आणि बोल्टला तो जोर लागतो. तुमची शंका रास्त आहे. .२८० रेमिंग्टनचं 'गो' गेज मागवा, म्हणजे चेंबरची खोली तपासायचा पोलादी ठोकळा. 'गो'वर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो'वर होता कामा नये. या चेंबरमध्ये ते 'नो-गो'चं काम करतं. बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढा, म्हणजे हाताला नीट कळेल. त्या गेजवर बोल्ट बंद झाला तर चेंबर खोल आहे.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. कोऱ्या पुंगळ्यांसाठी 'खोटा खांदा' करा. .३० कॅलिबरच्या एक्स्पांडरवरून (मान आतून रुंद करणारा गोळा) मान रुंद करून घ्या. मग ॲकलीची साइझिंग डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) बरीच वर ठेवून मान पुन्हा ७ मिमीला, म्हणजे .२८० च्या गोळीच्या मापाला, आणा आणि डाय अगदी थोडी थोडी खाली घ्या. दर वेळी रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून पाहा. बोल्ट किंचित जोर लावून बंद झाला की तिथेच थांबा आणि लॉकिंग रिंग आवळा. मानेच्या मुळाशी राहिलेली पायरी पुंगळीला मागे बोल्टवर दाबून धरते. भरणी छापील .२८० रेमिंग्टनच्या तक्त्यातली मध्यम ठेवा, ॲकलीची नको.

गोळी लांब बसवून रायफलिंगला (नळीच्या आतले पीळदार खाचे) टेकवण्याचीही पद्धत आहे, पण त्यात दाब वाढतो, म्हणून सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी भरणीपासून. पुंगळीला तेल लावून झाडा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. बोल्टवरचा भार वाढतो, आणि तुमच्या चेंबरचं माप अजून ठरलेलंही नाही.

.३०-०६ च्या पुंगळ्या नुसती मान बारीक करून अजिबात नकोत. .२८० चा खांदा ०.०५० इंच पुढे आहे, आणि तो मुद्दामच तसा ठेवलाय, .२७० च्या रायफलमध्ये ते काडतूस बसू नये म्हणून. म्हणजे तुमची आत्ताची फट आणखी पन्नास थाऊंनी वाढेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. गेज आलं. बोल्ट त्यावर पूर्ण बंद होतो, अडखळत सुद्धा नाही. तर चेंबर खोलच. खोट्या खांद्याच्या काही पुंगळ्या केल्या, त्यांवर रेघ नाही आणि तारेलाही काही लागत नाही. असंच चालू ठेवावं का?

प्रतिसाद

पुंगळ्या टिकतील, पण ॲकलीची अर्धी सोय गेली. शिकारीला गेल्यावर काडतुसं संपली तर गावातल्या दुकानातून साधी .२८० घेऊन झाडता यावीत, हाच तर या काडतुसाचा मोठा गुण, आणि तुमच्या रायफलमध्ये तेच धोक्याचं आहे. दुसऱ्या कुणी ती हाती घेतली तर त्याला हे कळणारही नाही. मी असतो तर नळी काढून तिच्या मागच्या टोकाचा एक आटा (स्क्रूसारखा एक फेर) कापला असता आणि नव्याने चेंबर करून घेतलं असतं. गनस्मिथला रीमर (चेंबर कापायचं हत्यार) कुठला ते आधी विचारा : पारंपरिक की सामी (अमेरिकेतल्या काडतूस-बंदूक उत्पादकांची मापं ठरवणारी संस्था) प्रमाणाचा. त्याच प्रमाणाचं गेज आणि त्याच प्रमाणाची डाय घ्या, आणि काम झाल्यावर बोल्ट तुमच्यासमोर गेजवर बंद करून दाखवायला सांगा.