आधी भजन की आधी मात्रा?

पऱ्हाटीवाला, काटोल
परवा इथं एकानं लिहिलं, ‘शेतीशाळेत टाळ-खंजिरी कशाला? कृषी विस्तार म्हणजे विज्ञान. औषधाची मात्रा सांगा, फवारणीची तारीख सांगा, निघा.’ वाचून राहवलं नाही.

मी गावोगाव कापसाच्या शेतीशाळा घेतो. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, खाल्ली. त्याच्या पुढच्या हंगामात माहितीची कमी नव्हती. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), सलग 3 दिवस दर सापळ्यात रोज 8 पतंग दिसले की फवारणी, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली जुनी पऱ्हाटी) ठेवू नका. लोकांना पाठ होतं. करत कोणी नव्हतं. कर्ज अन् नापिकीनं खचलेल्या माणसाच्या कानात मात्रा शिरत नाही.

एका गावात सामुदायिक प्रार्थनेनंतर मी डोमकळ्या, म्हणजे अळीनं पाकळ्या चिकटवलेली न उमललेली फुलं, हातोहात फिरवल्या. एका बाईनं चिकटलेल्या पाकळ्या नखानं सोडवल्या, आत अळी वळवळत होती. दुसऱ्या दिवसापासून बायाच डोमकळ्या तोडून पिशवीत भरू लागल्या. आमची शेतीशाळा दुपारी, तेव्हा त्या निंदणाला. प्रार्थनेला मात्र सगळ्या येतात. गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर विदर्भाला सांगायला नको.

मात्रा-तारीख, धरमपेठ
ती पोस्ट माझीच. यवतमाळात त्याच 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. त्यांना प्रार्थना कमी पडली होती का? हातमोजे, मास्क, अन् कोणतं औषध कशात मिसळायचं नाही हे सांगणारा माणूस कमी पडला.

भावनेवर तर बियाणंही खपतं. माझ्या काकांच्या गावात एका कंपनीची गाडी आली. आरती झाली, नारळ फुटला, पंगत उठली, अर्ध्या गावानं तेच पाकीट घेतलं. उगवलंच नाही. दुबार पेरणीचे पैसे काकूच्या पाटल्यांतून आले.

संत्रावाला, नरखेड
तुमी दोघं भांडून रायले, पण सांगनारा मानूस येते कुठं, राजेहो? संत्र्याचा आंबिया बहार (उन्हाळ्याच्या आंधी फुलनारा) गळाला, मी कृषी सहायकाले फोटो पाठवला. ‘मीटिंगमधी आहो.’ शेवटी कृषी केंद्रवाल्यानं बाटल्या देल्ल्या, पावती बी नाई. आमच्या गावात कृषी सहायक फकस्त पंचनाम्याले दिसते.

गावचाच सहायक
दिसतो तरी, हे लक्षात घ्या. एका माणसाकडे कितीतरी गावं, पीक विम्याच्या तक्रारी, योजनांचे ऑनलाइन अर्ज, प्रत्येक कामाचा जिओटॅग फोटो. शिवारात जायचं कधी? एसीत बसून आम्हाला शिव्या देणं सोपं आहे.

संत्रावाला, नरखेड
एसीत? मी बोडीवर, शेतातल्या तळ्यावर, उभा राहून लिहून रायलो! पगार कोनाले भेटते, तुमाले की मले?

गावचाच सहायक
पगाराचं काढलंत म्हणून सांगतो. एका शेतकऱ्यानं जीव दिला. मी घरी भेटायला गेलो. त्याची बायको पदर सावरत एवढंच म्हणाली, ‘भाऊ, आता पऱ्हाटीले खत कोनतं देऊ?’ मला मात्रा माहीत होती, तरी तोंडून शब्द फुटेना. अशा घरात कसं बसायचं, कसं बोलायचं, हे आम्हाला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. इथं विज्ञान की अध्यात्म चाललंय, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

संत्रावाला, नरखेड
हे नव्हतं मालूम. पगाराचं बोललो ते सोडा. पावतीचं मात्र नाई सोडत.

मात्रा-तारीख, धरमपेठ
बरं. प्रार्थनेनंतर डोमकळी दाखवा, एवढं मान्य. पण प्रार्थनेनं अळी जाते असं कोणी म्हटलं तर मी तिथंच उभा राहून विरोध करीन. आणि गावातली जी माणसं तुमच्या प्रार्थनेला येत नाहीत, बुद्धविहारात जातात, त्यांची पऱ्हाटी कोण बघणार? सरकारी कामाला एकाच देवळाचा ओटा चालणार नाही.

पऱ्हाटीवाला, काटोल
हा मुद्दा रास्त आहे. पुढची बैठक विहारात घेऊ. तुम्ही हातमोजे-मास्क घेऊन या, फवारणीचं तुम्हीच सांगा.

मात्रा-तारीख, धरमपेठ
येतो. वेळ कळवा.

संत्रावाला, नरखेड
रात्री 8 नंतर ठेवा, त्याच्या आंधी दूध काढनं असते. अन् सहायक सायबालेबी आना.