मदत हवी आहे: बास गिटारमधला घूं आवाज, कॉपर शील्डिंग करू की पिकअपच बदलू?

मंडळी, सोलापुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. बास ४ तारांचा, जॅझ बास टाइप, पॅसिव्ह (आत बॅटरी नाही), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारे, एकेक कॉइलचे चुंबकी भाग). ॲम्प नेत नाही, डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा डबा) थेट मिक्सरला. घरी जवळजवळ शांत असतो पण लॉनवर एलईडी पार लाइट चालू झाले की घूंऽऽ सुरू, तारांवर हात ठेवला की निम्मा कमी होतो, हात उचलला की परत येतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना तो सगळ्या मांडवाला ऐकू जातो, फार वाईट वाटतं हो.

दोन्ही व्हॉल्यूम फुल ठेवले तर बराच बसतो, पण मला ब्रिज पिकअपचाच (मागच्या, तारा अडकवतात त्या ब्रिजजवळच्या) आवाज हवा असतो, नेकचा जरा कमी केला की लगेच घूं.

केबल बदलून झाली, डीआयचा ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) दाबून पाहिला, काही फरक नाही. मल्टीमीटरने ब्रिज ते जॅकची बाहेरची बाजू कंटिन्युइटी बघितली, बरोबर येते, म्हणजे तारांचं ग्राउंड ठीक आहे. आत उघडलं तर शील्डिंग (बाहेरचा घूं अडवणारं धातूचं अस्तर) काहीच नाही, नुसतं लाकूड.

बजेट ६००० पर्यंत, सोल्डरिंग मला येतं. पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे त्यामुळे पुण्याला बास ठेवून येणं जमणार नाही.

कॉपर टेपने कॅव्हिटी (लाकडातले आतले खड्डे) शील्ड केली तर एक पिकअप कमी ठेवूनही आवाज पुरेसा बसेल का, की सरळ हम कॅन्सलिंग (घूं आपोआप घालवणारे) पिकअपच टाकू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, टेप पिकअपच्या खड्ड्यातपण लावायची की फक्त कंट्रोल कॅव्हिटीत (नॉबखालच्या वायरिंगच्या खड्ड्यात)?